भागी दुबळी नव्हती

लीले, शब्द तुझाच बरोबर होता. 'समज'. माझा 'विवेक' नव्हे. एवढं कबूल करायला मला सात-आठ वर्षं लागली, आणि आता ऐकायला तू नाहीस.

तू गेलीस त्याला आज एकवीस दिवस झाले. तुझ्या घरचे पुन्हा मिठागरावर जायला लागलेत, हंगाम काही थांबत नाही. मी शाळेतून येते, चहा घेते आणि तुझ्याशी तेच भांडण पहिल्यापासून काढून बसते. पूर्वी तू बोलायचीस आणि मी तुझं वाक्य संपायच्या आत उत्तर द्यायचे. आता तुझं वाक्य पूर्ण ऐकून घेते.

सुरुवात दीनाच्या पडवीत झाली. आपली अकरावी नुकतीच संपली होती. दीना आमच्याच आळीतली, पेणमध्ये उरलेल्या तीन-चार बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, घरांपैकी एका घरातली. तू खाडीकाठच्या गावातून एसटीनं टायपिंगच्या क्लासला यायचीस आणि पुढची गाडी मिळेपर्यंत आमच्यात येऊन बसायचीस. त्या मे महिन्यात दीनाचा आतेभाऊ आजोबांना भेटायला इस्राएलहून आला. त्याचं मराठी ऐकून आपल्याला हसू यायचं, आणि आपलं इंग्रजी ऐकून त्याला. त्यानं बरोबर एक जाडसर इंग्रजी पुस्तक आणलं होतं आणि त्यातला खेळ आपल्याला शिकवायचा असा त्यानं चंगच बांधला. शनिवार त्यांचा विश्रांतीचा दिवस, त्या घरात कुणी पेनही हातात घेत नसे, म्हणून रविवारी बसायचं ठरलं.

खेळ म्हणजे असा, की एकीनं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. सांगणारी म्हणणार, पुढे नदी आहे, साकव वाहून गेलाय, काय करता? आपलं माणूस काय करतं ते आपण सांगायचं, आणि ते जमतं की नाही ते फाशांवर. पण त्याआधी आपलं माणूस कागदावर घडवायचं. त्याची ताकद किती, बुद्धी किती, सगळं आकड्यांत. सापशिडीचे तीन फासे टाकायचे आणि बेरीज मांडायची. तीन म्हणजे काहीच नाही, अठरा म्हणजे कमाल.

त्या प्रकरणाचा मथळा होता, कॅरेक्टर बिल्डिंग. एकदा पुस्तक मी घरी नेलं तर अण्णांनी ते चाळलं. आमचं रंगांचं दुकान, गणपतीच्या कारखान्यांना माल द्यायचा, त्यामुळे अण्णांना डब्यांवरचं इंग्रजी वाचायची सवय. ते म्हणाले, "चारित्र्य घडवण्याचं पुस्तक दिसतंय. वाचा, चांगलं आहे." तेव्हापासून आपल्या खेळाचं नावच चारित्र्य पडलं. तू दुकानापाशी येऊन अण्णांच्या देखत विचारायचीस, "मंदे, चारित्र्याला येतेस ना गो?" आणि अण्णा म्हणायचे, "जा, जा. ती बघ, इतक्या लांबून येते."

आतेभाऊ परत गेला, पुस्तक दीनाकडे राहिलं. मग आपण ते मराठीत करायला घेतलं. दीना वाचायची, मी शब्दकोश उघडायचे, तू पेन्सिल घेऊन बसायचीस. पहिल्याच दिवशी 'कॉन्स्टिट्यूशन' आलं. शब्दकोशात पहिला अर्थ, राज्यघटना. दीना हसता हसता पाटावरून खाली आली. मी पुढचे अर्थ वाचले. शरीरप्रकृती, देहयष्टी. म्हटलं, "लिही, शरीरप्रकृती." तू लिहिलं नाहीस.

"म्हंजे नेमकं काय मोजायचं?" तू विचारलंस.

दीनानं पुस्तकात बघून सांगितलं. मार बसला, उपास पडला, विष चढलं, तर माणूस किती टिकतं ते.

"मग दम लिवू या. आमच्या बाबांची प्रकृती काय धड नाय, रात्रभर खोकतात. पन सकाळी मिठात उभे राहतात ते दुपारपर्यंत. प्रकृती नाय, दम हाय."

दीना म्हणाली, "दम. झालं." मी म्हटलं, तात्पुरतं ठेवू. पुढे आपण कितीतरी शब्द तात्पुरते ठेवले. 'करिष्मा' म्हणतात त्याला मी सुचवला 'व्यक्तिमत्त्वप्रभाव'. तू तो शब्द तीनदा म्हणून बघितलास, तिन्ही वेळा अडखळलीस, आणि म्हणालीस, "गावात एखाद्याच्या शब्दाला वजन असतं का नाय, तेच ना हे?" वजन लागलं. मार खाण्याचे जे आकडे असतात, ते संपले की माणूस मेलं, त्यांना तू 'जीव' म्हणालीस. "माझ्यात नऊ जीव उरलेत" असं तू म्हणायचीस तेव्हा दीनाचे आजोबा पेपरातून डोकं वर काढून तुझ्याकडे बघायचे.

आणि एक रकाना असा होता, की तुमचं माणूस मानवांतलं, बुटक्यांतलं की वनवासी यक्षांसारखं कुणी. इंग्रजी शब्दाचा अर्थ मी बघितला आणि सहज लिहून टाकलं, 'जात'. पुढे लिहिलं, 'बुटका'. तू कागद आपल्याकडे ओढलास.

"इथंपन?"

"अगं, ही तशी जात नाही," मी म्हटलं.

"रकाना तसाच हाय," तू म्हणालीस, आणि रबरानं तो पुसलास. कागद थोडा फाटला. पुढच्या सगळ्या कागदांवर ती जागा आपण रिकामीच सोडली. मला तेव्हा वाटलं, ही उगीच मनाला लावून घेते. आमच्या घरात तो रकाना भरताना कुणाचा हात कधी थांबला नव्हता. ते मला दिसत नव्हतं, आणि तू ते दाखवूनही दिलं नाहीस. फक्त पुसलंस.

खरं भांडण झालं ते उरलेल्या दोन गुणांवरून. एक बुद्धी. ती सोपी होती, तू म्हणालीस 'डोकं', मी म्हटलं 'बुद्धी', आणि त्यावर तू फार ताणलं नाहीस. दुसरा तो, ज्यामुळे माणसाला धोका आधी जाणवतो, समोरचा खोटं बोलतोय हे कळतं, कधी गप्प राहावं ते कळतं. मी म्हटलं, विवेक. इतका सुंदर शब्द आहे, दुसरा कशाला हवा.

"विवेक आमच्या मास्तरांच्या पोराचं नाव हाय," तू म्हणालीस. "आमची आत्या बघ. अंगठा उठवते. पन भरतीचं पानी बांध फोडनार हे तिला सगळ्यांच्या आधी कळतं. कसं ते तिला सांगता येत नाय. तिला डोकं किती देशील? चार? मग दुसऱ्या रकान्यात अठरा द्यावे लागतील. आणि त्या रकान्याला विवेक म्हटलंस तर ती विचारंल, हे माझ्याकडं कधी होतं? समज म्हन. समज तिला ठावं हाय."

"समज देणे म्हणजे प्रिन्सिपॉल देतात ती ताकीद," मी म्हटलं.

"ती बी चालंल."

मी ऐकलं नाही. माझ्या कागदावर 'विवेक' राहिला, तुझ्या कागदावर 'समज', आणि दीनानं दोन्ही शब्द लिहून मध्ये रेघ मारली. वर्षानुवर्षं तसंच चाललं. पुस्तकातला वीस बाजूंचा फासा आपल्याकडे नव्हता, म्हणून एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या आपण पावडरच्या डब्यात घातल्या होत्या. मी गोष्ट सांगताना म्हणायचे, "विवेकावर चिठ्ठी काढ," आणि तू डब्यातून चिठ्ठी काढताना पुटपुटायचीस, "समजेवर."

भागीचा जन्म मला अजून दिसतो. तू तीन फासे टाकलेस. ताकद पाच. दीना म्हणाली, "परत टाक, पहिल्यांदा चालतं." तू म्हणालीस, "पडलं ते पडलं." चपळाई आठ. दम बारा. डोकं दहा. समज पंधरा. आणि शेवटी वजन, सतरा. त्या सतरावर तू इतकी खूश झालीस की पेन्सिलीनं त्याभोवती दोनदा गोल केलास. नाव भागी. कुठून आली, कोणाची, काही नाही. मी म्हटलं, नियमात पार्श्वभूमी लिहायची असते. तू म्हणालीस, "चालत आली, एवढंच लिव."

वर्गात तुझा आवाज मी कधी ऐकला नव्हता. हजेरी घेताना सर दोनदा नाव पुकारायचे, तेव्हा कुठे तू हात वर करायचीस. आणि त्या रविवारी, किल्ल्याच्या दरवाज्यात, भागी बोलली. मी आठवडाभर बसून लढाई रचली होती. पहारेकरी, भाले, वरून दगड, सगळं. दीना तिची तलवार उपसून तयार. आणि तू म्हणालीस, भागी पुढे जाते आणि पहारेकऱ्याला विचारते, "दादा, तुमची पाळी कधी सुटते?"

"असं कोणी विचारतं का?" मी म्हटलं.

"भागी विचारते. हा मानूस सकाळपासनं उभा हाय. याला पानी कोन देतं का, ते बी विचारते."

मग तू पहारेकऱ्याशी बोलत राहिलीस. त्याचं गाव, त्याच्या पायाच्या भेगा, राजा पगार कधी देतो. मी पहारेकरी झाले होते आणि तुला उत्तरं देता देता मला खरंच उभं राहून पाय दुखल्यासारखं वाटायला लागलं. शेवटी तू म्हणालीस, "आता चिठ्ठी काढते. वजन सतरा हाय. सतराच्या आत आली तर दार उघड." अकरा आली. दार उघडलं. माझी लढाई तशीच कागदावर राहिली. मी रुसले होते, लीले. तुझं कौतुक करायच्या ऐवजी मी म्हटलं, अशानं खेळाची मजा जाते.

बारावीनंतर दीनाचं सगळं घर इस्राएलला निघून गेलं. आजोबांनी शेवटच्या दिवशी आपल्या दोघींना पडवीत बसवून खोबऱ्याचा हलवा खायला घातला. दीना पुस्तक माझ्या हातात देत म्हणाली, "मंदाकडे राहू दे, तिचं इंग्रजी बरं आहे." तू मान डोलावलीस. पुस्तक माझ्या घरी आलं, आणि तुला ते चाळायचं झालं तर माझ्या घरी यावं लागायचं. हे मला तेव्हा कधी खटकलं नाही.

दोघींचा खेळ कसा चालायचा, हे कुणाला सांगितलं तर पटणार नाही. मी गोष्ट सांगायचे, तू भागी व्हायचीस, आणि कधी कधी तूच चार माणसं व्हायचीस. एस.वाय.च्या वर्षी तुझ्या बाबांचा खोकला वाढला आणि तू कॉलेज सोडलंस. रोह्याला औषधांच्या एका कंपनीत पॅकिंगचं काम मिळालं, कामावरच्या सुमनच्या खोलीत राहायची सोय झाली. तरी सुट्टीच्या दिवशी तू रोह्याहून गाडीनं पेणला यायचीस, आधी माझ्याकडे, मग संध्याकाळच्या एसटीनं गावी. तुझ्या बोटांना औषधाचा वास यायचा. तू सांगायचीस, तिथं जेवणाच्या सुट्टीत बायका एकमेकींच्या डब्यांत हात घालतात, पहिल्या दिवशी फार लाजल्यासारखं झालं. मी हं हं म्हणायचे आणि चिठ्ठ्यांचा डबा पुढे करायचे.

आता ते सांगायला हवं, ज्यासाठी हे लिहायला बसले.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. पुण्याच्या एका मुलांच्या मासिकात नव्या खेळांची माहिती मागवली होती. मी आपला खेळ लिहून पाठवला. पहिल्या मसुद्यात सगळे शब्द तुझे होते. दम, वजन, जीव. 'समज'सुद्धा मी लिहिला होता, कंसात 'विवेक'. खाली दोघींची नावं. तुला सांगितलं नव्हतं, छापून आल्यावर हातात द्यायचं असं मनात होतं. महिन्याभरानं संपादकांचं पत्र आलं. कल्पना आवडली. मात्र काही शब्द बोलीतले वाटतात, मुलांपुढे प्रमाण भाषा जावी, कृपया बदलून द्यावेत. शिवाय उदाहरणातली नायिका फार दुबळी आहे, ताकद पाच म्हणजे काय, मुलींना स्फूर्ती मिळेल अशी करावी.

मी दोन दिवसांत बदलून दिलं. दमाचं केलं शारीरिक धारणाशक्ती. वजनाचं व्यक्तिमत्त्वप्रभाव. जीवाचं प्राणांक. समज तर काय, काढायचीच होती, विवेक तेवढा ठेवला. भागीचं नाव विद्युल्लता केलं आणि तिला ताकद दिली सोळा. वजन अकरावर आणलं, नाहीतर बेरीज फार झाली असती. मग स्वच्छ प्रत करताना शेवटी नावापाशी आले. तिथं थांबले, हे खरं. पण किती वेळ? दौतीत टाक बुडवून काढावा एवढा. मी स्वतःला म्हटलं, आता यात लीलूचा एकही शब्द उरलेला नाही, मग तिचं नाव कशाचं घालायचं? आणि हे मला त्या वेळी अगदी प्रामाणिक वाटलं.

अंक आला. घरात कौतुक झालं. अण्णांनी दुकानात येणाऱ्या दोन-तीन मूर्तिकारांनाही दाखवला. तुला मी कळवलं नाही. पुढच्या रविवारी दाखवू म्हटलं, त्या रविवारी तू आली नाहीस, पुढच्याही नाही. तिसऱ्या रविवारी तू एसटी स्टँडवर भेटलीस, गावी जायच्या गाडीला उभी. रोह्याच्या वाचनालयात तू अंक बघितला होतास.

"छान छापलंय," तू म्हणालीस. "चित्रं बी छान हाईत."

"मी सांगणारच होते तुला."

"व्हय."

मग बराच वेळ तू गाड्यांच्या पाट्या वाचत राहिलीस. मी काहीतरी बोलत होते, संपादकांचं पत्र, प्रमाण भाषा, जागेची मर्यादा. तू मध्येच विचारलंस, "मंदे, हिला इतकी ताकद कोनी दिली गो?"

"संपादक म्हणाले, नायिका दुबळी नको."

"भागी दुबळी नव्हती," तू म्हणालीस.

आवाज चढवला नाहीस. गाडी लागली, तू चढलीस, खिडकीशी जागा मिळाली तरी बाहेर बघितलं नाहीस. त्या दिवशी तू भांडली असतीस तर मला किती सोपं झालं असतं. शब्दांवरून आपण चार वर्षं भांडलो होतो, आणि जेव्हा भांडायला खरं कारण मिळालं तेव्हा तू गप्प बसलीस. कधी गप्प राहावं हे ज्यातून कळतं, तो रकाना मी नुकताच खोडून छापला होता.

त्यानंतर आपण खेळलो नाही. तोंडदेखलं बोलणं राहिलं. तुझ्या भावाच्या लग्नाला मी आले, तू माझ्या पानात आठवणीनं दुसरी पोळी वाढलीस. मला शाळेत मराठी शिकवायची नोकरी लागली तेव्हा तू पोस्टकार्ड टाकलंस, तीन ओळींचं. मी उत्तर लिहायला घेतलं आणि पहिल्याच ओळीत अडकले. माफी मागायची तर त्याआधी चूक केली असं लिहायला हवं होतं. उत्तराचं ते कार्ड अजून माझ्या कपाटात आहे, कोरं.

गेल्या सहामाहीत आठवीतल्या एका मुलीनं निबंधात लिहिलं होतं, 'माझ्या आजीत खूप दम आहे.' मी लाल शाईनं खूण केली आणि समासात लिहिलं, 'सहनशक्ती'. खूण करून झाल्यावर तू आठवलीस. तरी मी ती खूण खोडली नाही. पेपर दुसऱ्या दिवशी द्यायचे होते.

तुझ्या आजारपणाचं मला तुझ्या भावानं सांगितलं, बाजारात भेटला तेव्हा. "ताईला कावीळ झालीय. रोह्याला ॲडमिट हाय. तुमची गाठ घ्यायला आवडंल तिला." हे तू म्हणाली होतीस की तो आपल्या मनानं म्हणाला, ते मी विचारलं नाही. रविवारी जाते म्हटलं. त्या रविवारी तपासायचे गठ्ठे होते. खरंच होते, पण ते सोमवारीही तपासता आले असते. पुढच्या रविवारी पाहुणे आले. पेणहून रोहा तासा-सव्वातासाची गाडी, लीले. मला तुझं पिवळं अंग बघायची भीती नव्हती. आत शिरल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, ते ठरत नव्हतं. मी मराठीची शिक्षिका आहे आणि मला एक वाक्य जमत नव्हतं. बुधवारी शाळेत निरोप आला.

तुझ्या घरी गेले तर तुझ्या आईनं माझा हात घट्ट धरला. "मंदा, तू आलीस गो." तिला स्टँडवरचं काही माहीत नव्हतं. आपण अजून रविवारच्या रविवार भेटतो असंच ती धरून चालली होती. तू तिला तसंच वाटू दिलं होतंस. जाताना ती म्हणाली, "रोह्याला तिचे कपडे, सामान पडलंय. हे लोक मिठात अडकलेत. तू जाशील?"

म्हणून मी परवाच्या रविवारी रोह्याला गेले. ज्या गाडीला दोनदा बसले नाही, त्याच गाडीनं.

सुमननं दार उघडलं. तिनं तुझी पेटी आवरून, कपड्यांच्या घड्या घालून ठेवली होती. आत आणखी चार बायका जमिनीवर बसलेल्या, मध्ये फासे, आणि एका डब्यात चिठ्ठ्या. मी दारातच थांबले. सुमन ओशाळून म्हणाली, "आमचा एक खेळ असतो. लीलूनं शिकवलेला. तीन वर्षं झाली, कंपनीत जेवणाच्या सुट्टीत थोडा थोडा, आणि रविवारी इथं. ती गेल्यावर बंदच ठेवला होता. पन मग वाटलं, तिनं आमाला डोंगराच्या मध्यावर आणून सोडलंय, तिथंच किती दिवस बसायचं?"

त्यांच्यासमोर एक शंभरपानी वही होती. सुमननं ती माझ्या हातात दिली. तुझं अक्षर. पुस्तक माझ्याकडे होतं, म्हणून तू सगळे नियम आठवणीनं लिहून काढले होतेस. जिथं आठवलं नाही तिथं स्वतःचे केले होतेस, आणि ते बरे होते. माणूस मेलं तर खेळणारीनं घरी जायचं नाही, उरलेल्यांच्या बाजूनं बसून सल्ला द्यायचा, असा एक नियम होता. तो पुस्तकात नाही. आपल्या खेळातही नव्हता. माणूस घडवण्याच्या पानावर एकाखाली एक, ताकद, चपळाई, दम, डोकं, समज, वजन. प्रत्येकापुढे एकेक ओळ. समजेपुढे लिहिलं होतं, 'पाणी चढायच्या आधी कळणे'. आत्याचं नाव नव्हतं, पण मी ओळखलं. 'अनुभव' तू 'आनुभव' लिहिला होतास आणि माझा हात सवयीनं पेनाकडे गेला. मग मी तो मांडीखाली दाबून बसले.

"तुमी लीलूच्या कोन?" सुमननं विचारलं.

"मैत्रीण. पेणची. मंदा."

त्यांनी एकमेकींकडे बघितलं. "तिच्या तोंडून नाव ऐकलं नाय कधी," सुमन म्हणाली. "चांगलं नाय, वाईट बी नाय." टोमणा नव्हता तो. तिला आठवत नव्हतं आणि ती खरं बोलत होती. तू मला त्यांच्यापुढे शिव्या दिल्या असतील, असं मी गाडीत धरून चालले होते. तेवढं तरी असेल, असं वाटलं होतं.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. दीना, पुस्तक, मासिक, विद्युल्लता. संपल्यावर एकीनं पाणी आणून दिलं. मी म्हटलं, "ही वही मला द्या. मी अक्षरही न बदलता छापून आणते. तिच्या नावानं. फक्त तिच्या."

खूप दिवसांनी काहीतरी बरोबर करतेय, असं मला वाटलं. हात मी पुढे केलाच होता.

सुमननं वही माझ्याकडून घेतली आणि आपल्या मांडीवर ठेवली. "नको, बाई," ती म्हणाली. "छापून काय करायचं? आमाला रोज लागते."

तिचं चुकलं असं मला अजूनही म्हणता येत नाही. माझी माफी मागायची सोय व्हावी म्हणून त्या पाच जणींनी डोंगरावर आणखी महिनाभर का बसावं?

मी पेटी उचलली. तेव्हा दाराजवळची एक जण म्हणाली, "संध्याकाळच्या गाडीला वेळ हाय की. लीलूची जागा मोकळी हाय, बसा ना."

"त्यांना सगळं येतं," सुमन म्हणाली. "मग तुमीच सांगा आज गोष्ट."

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही सांगा. मी खेळते."

त्यांनी मला कोरा कागद दिला. मी फासे टाकले, सहा आकडे आले, एकही धड नव्हता. सुमननं ते तिच्या अक्षरात लिहून घेतले आणि गोष्टीला सुरुवात केली. धुकं उतरलंय, वाट दिसत नाही, मागून कुणीतरी येतंय. ती एका नियमात चुकली, मग आणखी एका. मी बोलले नाही. माझी पाळी शेवटची होती. मी थांबले.